अधिक सेकंद

मित्रहो, मागच्या वेळी आपण पंचांगातल्या अधिक मासापाशी थांबलो होतो. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. तो फरक साठत जातो, म्हणून आपण मधूनमधून एक महिना जास्तीचा घालतो. 2012 साली अधिक भाद्रपद होता, तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. पण त्याच वर्षी एक अधिक सेकंदही आला होता, आणि त्यानं जगभरच्या संगणकांची झोप उडवली. ‘झोप उडवली’ हे अक्षरशः खरं आहे. कसं ते आज बघू.

1967 साली सेकंदाची व्याख्या बदलली. तोवर सेकंद आकाशाकडे बघून ठरे. आता तो सीझियमच्या अणूच्या 9,19,26,31,770 आंदोलनांवरून ठरू लागला. अणू चुकत नाही. पृथ्वी मात्र आपल्या लयीनं फिरते, थोडी रेंगाळते. म्हणून 1972 पासून दोघांचा मेळ घालायला अधूनमधून एक सेकंद वाढवायची पद्धत पडली. 30 जून 2012 ला असा पंचविसावा सेकंद आला. जागतिक वेळेनुसार 23:59:59 नंतर 23:59:60. आपल्याकडे तेव्हा 1 जुलैची पहाट होती, साडेपाचच्या ठोक्याआधीचा क्षण.

आता डेटाबेस सर्व्हरच्या पोटात डोकावू. मायएसक्यूएल नावाचा सर्व्हर घ्या, 1995 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला. त्यात ‘इव्हेंट शेड्युलर’ असतो. अमुक वाजता जुन्या नोंदी काढ, तमुक वाजता हिशेब कर, अशी कामं तो रांगेत लावतो. रांग आल्या क्रमानं नसते. ज्याची वेळ आधी, तो पुढे. शेड्युलर पहिल्या कामाची वेळ बघतो आणि तोवर झोपतो. त्याला उठवणार कोण? खालची ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा लिनक्स. तिच्याकडेही गजरांची तशीच रांग असते. सर्व्हरमधले इतर कितीतरी धागेही असेच क्षणभर झोपतात, उठून बघतात, पुन्हा झोपतात.

त्या पहाटे लिनक्सनं मुख्य घड्याळ नियमाप्रमाणे एक सेकंद मागे घेतलं. पण गजरांच्या रांगेला ते कळवलंच नाही! रांग आपली जुन्याच वेळेवर, म्हणजे एक सेकंद पुढे. आता ज्यानं अर्ध्या सेकंदाची झोप मागितली, त्याची वेळ रांगेच्या हिशेबी आधीच टळलेली. झोपला की लगेच उठवला. पुन्हा झोपला, पुन्हा उठवला. काम शून्य आणि प्रोसेसर मात्र तापलेला. मायएसक्यूएल आणि जावावर चालणाऱ्या कितीतरी यंत्रणा अशा गरगरू लागल्या. रेडिट बंद पडलं, ऑस्ट्रेलियात क्वांटासच्या प्रवाशांना विमानतळावर ताटकळावं लागलं.

तात्पुरता उपाय ऐकून हसू येईल. घड्याळात जे वाजलेत तेच पुन्हा लावायचे. बस्स! कारण हातानं वेळ लावली की सिस्टिम रांगेला ‘घड्याळ बदललं’ असं सांगते, आणि दोघांचा मेळ बसतो.

मग ही सूचना अधिक सेकंदाच्या वेळी का गेली नाही? इथं खरा इतिहास आहे. ती ओळ पूर्वी होती. पण ती अशा नाजूक क्षणी चालायची की कधीकधी सगळी यंत्रणाच अडकून पडे. म्हणून कुणीतरी ती काढली, आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. एका दुरुस्तीनं दुसऱ्या चुकीला जागा करून दिली, आणि ती चूक 2012 पर्यंत दबा धरून बसली. जुलै 2012 मधल्या दुरुस्तीनं दोन्ही बाजू सांभाळल्या: नाजूक क्षणी फक्त खूण करून ठेवायची, आणि क्षण सरला की लगेच सगळ्यांना कळवायचं.

वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत काल धरला, आणि तो एकच मानला. आधी-नंतर, एकाच वेळी, उशिरा-लवकर या आपल्या प्रतीतींवरून त्याचं अनुमान होतं, असं ते म्हणत. यंत्रात मात्र काल एक नव्हता, दोन होते, आणि ‘आत्ता’ म्हणजे काय यावर त्यांचं एकमत नव्हतं. आपण म्हणू, एका सेकंदानं काय बिघडतं? एका सेकंदानं काही बिघडलं नाही, मित्रहो. बिघडलं ते एकानं बदल केला आणि दुसऱ्याला सांगितला नाही म्हणून. अधिक मास पंचांगात आधी छापून येतो, गावभर सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामुळे सणवार चुकत नाहीत.

2022 साली वजनमापांच्या जागतिक परिषदेनं ठरवलं, की 2035 पर्यंत ही पद्धत बदलायची आणि अणू व पृथ्वी यांच्यातला फरक आणखी वाढू द्यायचा. म्हणजे हिशेब मिटला नाही, पुढच्या पिढ्यांवर ढकलला. तो ढकलताना खूण नीट करून ठेवली, तर त्यांची झोप शाबूत राहील. इथंच थांबू या. नमस्कार.