पाळी सुटल्यावरची इंग्रजी

कोन हे पनवेलजवळचे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतचे गाव. इथल्या २,४१७ सदनिका २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांच्या नावे निघाल्या. ताबा मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. मधल्या करोनाच्या काळात याच इमारतींत विलगीकरण केंद्र होते. परळ-लालबागची माणसे अशी इथवर आली. त्यांच्यातल्या काहींचा इंग्रजीचा वर्ग मी आठवड्यातून तीन संध्याकाळी घेतो. दिवसा महाविद्यालयात हाच विषय शिकवतो. पण त्याआधी सात वर्षे तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. घरातला पहिला पदवीधर मीच, आणि पदवी घेतली ती पाळी सांभाळून. मोठेपणी पाटीपुढे बसण्याची लाज मला कुणी समजावून सांगायला नको.

तरीही पहिल्या महिन्यात मी चुकलोच. क्रियापदांची रूपे पोरांसारखी घोकून घेतली. पाच-सहा जण यायचे बंद झाले. एक बाई उठून म्हणाल्या, "सर, आम्ही काय लहान आहोत का? आम्हाला कागद वाचायला शिकवा."

त्या बोलण्याने मला पुन्हा इतिहासाकडे वळवले. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात १८४८ ची मुलींची शाळा मानाने येते, ते योग्यच आहे. परंतु १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी राहत्या घरात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. का? प्रौढ कष्टकऱ्याचे शिकणे प्रस्थापित इतिहासकाराला बिनमहत्त्वाचे वाटते म्हणूनच ना? जोतीरावांची स्वतःची शाळा एकदा सुटली होती. मळ्यात राबून ते १८४१ मध्ये स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजीसाठी पुन्हा बसले. सावित्रीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली. १८५४ च्या 'काव्यफुले'त त्यांची इंग्रजीवर कविता आहे. खंड पडलेल्या शिक्षणाचे दुःख या घराला ठाऊक होते. रात्रीची शाळा त्यांनाच सुचावी यात मला नवल वाटत नाही.

हीच वाट पुढे पलटणीत दिसते. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि निवृत्तीनंतर त्यांनी भीमरावांची इंग्रजी घरी पक्की करून घेतली. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली आणि अक्षराचा हा एक दरवाजा बंद झाला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून तासच सकाळी ठेवले. वेळापत्रकसुद्धा समतेचा प्रश्न असतो, हे आमच्या विद्यापीठांना अजून उमगायचे आहे!

वर्गात एक काका आहेत. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठे, तरी मला 'सर' म्हणतात. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा ते गिरणीत बदली कामगार होते. नंतर हमाली, मग वॉचमनकी. त्यांचे वडील रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपल्या माणसाच्या ओठांचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा कामगार-एकजुटीची भाषा करणारे पुढारी अडचणीत आले होते. मी हे पुस्तकात वाचलेले. काकांनी ते बापाच्या तोंडून ऐकलेले. त्या संध्याकाळी शिक्षक ते होते.

आता आम्ही घोकंपट्टी सोडली आहे. वीजबिल, औषधाची चिठ्ठी, बँकेचा अर्ज, सोसायटीची नोटीस, हीच आमची क्रमिक पुस्तके. उच्चार मी फारसे दुरुस्त करीत नाही. गोऱ्या साहेबासारखे बोलायची इथे कुणाला हौस नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून तरुण पोरेही मागच्या बाकावर येऊन बसतात. त्यांना मुलाखतीची वाक्ये हवी असतात. त्यांनाही आधी नेमणुकीच्या कागदावरचा 'कॉन्ट्रॅक्ट' हा शब्द वाचायला लावतो.

परवा काकांनी एक कागद आणला. शेजाऱ्याच्या कर्जावर सही हवी होती. बोट ठेवत ठेवत ते एका शब्दावर थांबले.

"सर, गॅरंटर म्हणजे त्याने नाही भरलं तर मी भरायचं?"

"होय, काका."

त्यांनी पेनाला टोपण लावले, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "पुढची ओळ घ्या."