विलायतेंतील बिऱ्हाड आणि सकाळची न्याहरी

काशी-प्रयागास किंवा नाशिकास जाणाऱ्या जुन्या मराठी यात्रेकरूला उतरावें कोठें, हा प्रश्न फारसा पडत नसे. क्षेत्रोपाध्यायाच्या वहींत त्याच्या कुळाचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेलीं असत. ज्या वहींत आजोबांचा लेख सांपडे त्या वाड्यांत गांठोडें ठेवावें, एवढेंच. उतरण्याचें घर निवडावयाचें नसे, तें वारशानें मिळे. अशा रीतीला सरावलेल्या समाजांतील तरुण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बॅरिस्टरीसाठीं किंवा सिव्हिल सर्व्हिससाठीं विलायतेस जाऊं लागले, तेव्हां प्रथम जी विद्या त्यांना शिकावी लागली ती कायद्याची नव्हे, बिऱ्हाड शोधण्याची.

लंडनमध्यें हॉटेलें होतीं. पण महिनोन्‌महिने तेथें राहणें सामान्य विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरचें होतें. त्याला परवडे ती एखाद्या कुटुंबांतील भाड्याची खोली: निजावयास पलंग, सकाळची न्याहरी, ठरलें असल्यास रात्रीचें जेवण, आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला. घर चालविणारी बहुधा विधवा किंवा प्रौढ अविवाहित बाई असे. बाहेर नोकरी करणें तिच्या प्रतिष्ठेला सोडून. तेव्हां रिकाम्या खोल्या हेंच तिचें भांडवल, आणि अंड्यालोण्याची काटकसर हाच तिचा नफा. तिच्यावर रुष्ट झालेल्या पाहुण्यांनीं ही गोष्ट क्वचितच ध्यानांत घेतली.

मोहनदास गांधी १८८८ च्या सप्टेंबरअखेर लंडनला पोहोंचले, ते व्हिक्टोरिया हॉटेलांत उतरले आणि तेथील तीन पौंडांचें बिल पाहून हबकले. कांहीं दिवसांनीं मित्रांनीं त्यांची सोय वेस्ट केन्सिंग्टनमध्यें, पूर्वीं हिंदुस्थानांत राहून आलेल्या एका कुटुंबांत केली. घरमालकीण विधवा होती. मांस न खाण्याच्या आपल्या प्रतिज्ञेची हकीकत गांधींनीं तिला सांगितली, व तिनेंहि नीट काळजी घेण्याचें वचन दिलें. जेवण आवडलें का, असें ती रोज विचारी. परंतु मीठमसाल्यावांचून उकडलेल्या भाज्या शिजविणाऱ्या त्या बाईनें तरी काय करावें? तिच्या दोन मुली आग्रहानें पावाचा एखादा अधिक तुकडा वाढीत. आख्ख्या पावाखेरीज या पाहुण्याचें पोट भरणार नाहीं, हें त्यांना ठाऊक नव्हतें आणि लाजाळू पाहुणा तें सांगत नव्हता. पुढें खर्चाचा हिशोब मांडतां त्यांना दिसलें कीं, कुटुंबांत राहणें म्हणजे साप्ताहिक बिल भरणें एवढेंच नव्हे. घरच्या मंडळींना मधूनमधून बाहेर जेवावयास नेण्याचा शिष्टाचारहि त्यांत येतो. मग त्यांनीं स्वतंत्र खोली घेतली, स्टोव्ह आणला, आणि ओटमीलची लापशी व कोको अशी न्याहरी वीस मिनिटांत स्वतः करूं लागले.

हा झाला सुदैवी अनुभव. पण निवड नेहमीं दुहेरी होती. पाहुणा घर निवडी, तसें घरहि पाहुणा निवडी. आणि दार उघडणाऱ्या बाईनें काळा चेहरा पाहून “जागा नाहीं” म्हटलें, तर त्यावर दाद नव्हती. इंग्रजी कायद्यांत येथें एक जुना भेद आहे. सराईवाल्याने जागा असतांना, पैसे देणाऱ्या सभ्य प्रवाशाला परत पाठवितां कामा नये. बोर्डिंग हाऊस चालविणाऱ्यावर मात्र असें बंधन नव्हतें. प्रसिद्ध क्रिकेटपटु लिअरी कॉन्स्टंटाइन यांना १९४३ मध्यें लंडनच्या इंपीरियल हॉटेलानें वर्णामुळें राहूं दिलें नाहीं, तेव्हां ते १९४४ मध्यें दावा जिंकले तो या सराईच्या नियमावर. भरपाई मिळाली पांच गिनी. खासगी घराच्या दारांतून परतलेल्या विद्यार्थ्याला तेवढ्याहि मिळाल्या नसत्या.

ही अडचण ओळखून श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ मध्यें हायगेट येथें सुमारें पंचवीस विद्यार्थ्यांसाठीं ‘इंडिया हाऊस’ उघडलें. १९०६ मध्यें विनायक दामोदर सावरकर तेथें राहावयास आले, आणि बिऱ्हाडाचें राजकीय केंद्र झालें. सरकारलाहि मग विद्यार्थ्यांच्या निवासाची चिंता वाटूं लागली. १९१० मध्यें साऊथ केन्सिंग्टनमधील २१, क्रॉमवेल रोड येथें त्यांच्यासाठीं निवासाची सोय झाली; परंतु ज्या हातानें पलंग दिला तोच पाळत ठेवील, या शंकेनें पुष्कळांचा पाय तेथें अडखळला.

भीमराव आंबेडकर १९२० मध्यें पुनः लंडनला गेले तेव्हां त्यांच्या वांट्याला आली ती करडी घरमालकीण आणि तुटपुंजी न्याहरी. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत दिवसभर वाचन चाले, दुपारच्या जेवणाला बहुधा फांटा मिळे. म्हणून सकाळच्या त्या ताटलींतील उणीव रात्रींपर्यंत भोंवे. रात्रीं उशिरा भूक अनावर झाली म्हणजे ओळखीच्या गृहस्थानें दिलेले पापड भाजून ते खात. याच हलाखींत १९२१ मध्यें त्यांनीं एम्. एस्सी. मिळविली, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्यें डी. एस्सी. मिळाली.

इंग्लंडमध्यें घरभाड्याच्या व्यवहारांतील वर्णभेदाला कायद्यानें प्रथम बंदी झाली ती १९६८ मध्यें. तींतूनहि, मालक स्वतः राहतो अशा कांहीं लहान घरांना सूट होती. १९२१-२२ मध्यें आंबेडकर राहिले तें १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें विकत घेऊन स्मारक केलें. दर्शनास येणाऱ्यांच्या वर्दळीविषयीं शेजाऱ्यांची तक्रार झाली, स्थानिक कौन्सिलनें २०१८ मध्यें परवानगी नाकारली, आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेलें. घर संग्रहालय म्हणून उघडें ठेवण्याची मुभा मिळाली ती मार्च २०२० मध्यें.