दोरीवरचा बांबू आणि न डगमगणारा कॅमेरा

हे पान वाचता वाचता मान डावी-उजवीकडे भरभर हलवून पाहा. मजकूर वाचता येतो. आता मान स्थिर ठेवा आणि तेवढ्याच वेगाने पान हलवा. अक्षरे एकमेकांत मिसळतात. डोके आणि कागद यांच्यातली सापेक्ष हालचाल दोन्ही वेळा सारखीच, मग फरक कशाने पडला? आपल्या प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळली की त्यांना ते लगेच कळते आणि सेकंदाच्या साधारण शंभराव्या हिश्श्यात डोळे उलट दिशेला तेवढेच वळवले जातात. पान हलते तेव्हा कानाला त्याचा पत्ताच नसतो. डोळ्यांनी ते पाहायचे, मेंदूने ओळखायचे आणि मग बुबुळे फिरवायची, याला कितीतरी जास्त वेळ लागतो. कोंबडी हातात धरून तिचे अंग वर-खाली हलवले तरी तिचे डोके हवेत खिळा मारल्यासारखे जागच्या जागी राहते, हे खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. तिथेही असलीच व्यवस्था कामाला लागलेली असते, फक्त भर डोळ्यांऐवजी मानेवर.

कॅमेऱ्याला कान नसतो. म्हणून सहलीत चालता चालता काढलेले चित्रण घरी पाहताना मळमळते. गंमत अशी की, कॅमेरा वर-खाली किंवा आजूबाजूला सरकल्याने चित्राचे फारसे बिघडत नाही, तो वळल्याने बिघडते. कॅमेरा एक सेंटिमीटर सरकला तर दहा मीटरवरचे झाडही चित्रात एक सेंटिमीटरच सरकेल. पण तो नुसता एक अंशाने वळला तर तेच झाड साडेसतरा सेंटिमीटर सरकल्यासारखे दिसेल. तेव्हा कॅमेरा स्थिर करायचा म्हणजे मुख्यतः त्याचे वळणे थांबवायचे. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सगळा इतिहास सोपा होतो.

सुरुवातीच्या छायाचित्रकारांपुढे हा प्रश्न आलाच नाही, कारण कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. एका हाताने दांडा फिरवत दुसऱ्या हाताने कॅमेरा स्थिर धरणे ही अशक्य गोष्ट, म्हणून तिकाटणे आलेच. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा याच जातीचा होता. कॅमेरा हलवायचाच असेल तर त्याला तिकाटण्यासकट कशावर तरी बसवायचे. ल्युमिए बंधूंचा छायाचित्रकार आलेक्सांद्र प्रोमियो याने १८९६ मध्ये व्हेनिसच्या कालव्यातून होडीत कॅमेरा ठेवून चित्रण केले. (त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिए यांची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली.) पुढे चाकांची गाडी आली, गाडीखाली रूळ आले, याऱ्या आल्या. १९२४ च्या 'द लास्ट लाफ' या जर्मन चित्रपटासाठी कार्ल फ्रॉइंड याने कॅमेरा छातीला बांधला आणि तो खोलीभर झोकांड्या खात फिरला. पण ते दृश्य दारुड्याच्या नजरेतून दिसणारे होते. कॅमेरा हललेला तिथे हवाच होता! शांतपणे जिना चढणाऱ्या माणसामागून जायचे तर रुळांखेरीज उपाय नव्हता आणि जिन्यावर रूळ टाकणार कसे?

यातून वाट काढली ती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या गॅरेट ब्राउन या गृहस्थाने. १९४२ चा जन्म. आधी लोकगीते गाणारा, मग छोट्या जाहिरातपटांचा निर्माता. त्याच्याकडे कॅमेरा ठेवायची एक जुनी गाडी होती, वजन सुमारे ३६० किलो. ती प्रत्येक ठिकाणी वाहून न्यायची, रूळ अंथरायचे आणि मग काही सेकंदांचे चित्रण करायचे, याला तो कंटाळला होता. अनेक शोधांच्या मुळाशी असा प्रवासाचा आणि ओझ्याचा कंटाळा असतो, असे आमचे मत आहे. पुस्तकांत मात्र 'जिज्ञासा' एवढेच लिहिलेले असते.

ओझे कमी करायचे तर कॅमेरा हलका करावा, असे कोणालाही वाटेल. शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक हात 'हलका कॅमेरा जास्त स्थिर' याच बाजूने वर जातात. मग आम्ही एक मीटरभर लांब काठी आणि पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या काढतो. बाटल्या काठीच्या मध्याजवळ, दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटरवर बांधायच्या, काठी मधोमध मुठीत धरायची आणि मनगटाने डावी-उजवीकडे फिरवायची. सहज फिरते. आता त्याच बाटल्या टोकांना, म्हणजे मध्यापासून पन्नास सेंटिमीटरवर बांधायच्या. वजन तेवढेच, पण काठी आता मनगटाला दाद देत नाही. फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे जडत्व आघूर्ण, वस्तुमानाला अंतराच्या वर्गाने गुणून मिळते. बाटल्यांपुरता पाहिला तर पहिल्या मांडणीत तो २ × ०.१ × ०.१ म्हणजे ०.०२ आणि दुसऱ्या मांडणीत २ × ०.५ × ०.५ म्हणजे ०.५ किलोग्रॅम-वर्गमीटर. अंतर पाचपट, विरोध पंचवीसपट. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवरून चालणारी पोर हातात लांब बांबू आडवा धरते, तो याच कारणासाठी. तोल जाऊ लागला तरी तो सावकाश जातो आणि सावरायला वेळ मिळतो.

ब्राउनने १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नेमके हेच केले. एका दांड्याच्या वरच्या टोकाला कॅमेरा ठेवला आणि बाकीचे वजन दांड्यावर दूर दूर पसरले. पुढच्या यंत्रात बॅटरी आणि चित्र पाहण्याचा छोटा पडदा खालच्या टोकाला गेला. पडदा हवाच होता, कारण कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावला की डोक्याचे हिसके कॅमेऱ्यात उतरलेच म्हणून समजा. हा दांडा हातात धरायचा तो त्याच्या गुरुत्वमध्याशी, तेही तिन्ही दिशांना मोकळेपणी फिरणाऱ्या कड्यांच्या सांध्यातून. जहाज हेलकावे खात असले तरी होकायंत्र सपाट ठेवणारी कडी तीच ही. गुरुत्वमध्यातून ढकललेली वस्तू सरकते, पण वळत नाही. हाताचा धक्का पोचतो, पण त्यातला पीळ पोचत नाही.

नेमके गुरुत्वमध्यातच धरले तर मात्र दांड्याला उभे राहण्याचे काही कारण उरत नाही. तो आडवाही पडून राहील. म्हणून खालची बाजू किंचित जड ठेवतात. किती जड? दांडा आडवा करून सोडायचा आणि तो सरळ व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचे. दोन ते तीन सेकंद लागले तर ठीक. एकाच सेकंदात खाली आला तर तो लंबक झाला, चालायला लागताना आणि थांबताना झोके घेणार. मोठमोठ्या चित्रपटांचे चित्रणही या इतक्या साध्या चाचणीने सुरू होते.

राहिला चालण्याचा वर-खाली हिसका. त्यासाठी ब्राउनने स्प्रिंग लावलेला जोडहात बनवला आणि तो अंगात घालायच्या ताठ जाकिटाला जोडला. नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर हवा तिथे थांबणारा दिवा असे. इंग्लंडमधल्या जॉर्ज कार्वर्डाइनचा १९३२ चा तो शोध. या हातामागचे तत्त्व तेच आहे. साधी स्प्रिंग जितकी ताणावी तितकी जास्त ओढते, पण समांतरभुज सांगाड्यात ती अशी बसवतात की हात वर-खाली गेला तरी उचलण्याचे बल जवळपास तेवढेच राहते. कॅमेरा मग तरंगल्यासारखा होतो आणि बोटाने हलवता येतो.

ब्राउनने या यंत्राने तोवर अशक्य वाटणाऱ्या तीस दृश्यांची एक फीत तयार केली आणि यंत्र न दाखवता ती चित्रपटवाल्यांना दाखवली. दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक याने ती पाहून १९७४ मध्ये तारेने कळवले की काम विलक्षण आहे, पण दोन ठिकाणी जमिनीवर सावली दिसते. तिच्यावरून एखादा तरबेज माणूस ओळखेल की कोणीतरी काठी धरून चालला आहे आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी आहे. गुपित म्हणावे तर एवढेच होते.

त्या फितीत ब्राउनची मैत्रीण (पुढे पत्नी) फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्यांवरून धावताना दिसत होती. ते पाहून दिग्दर्शक जॉन आव्हिल्डसनने आपल्या 'रॉकी'मधला मुष्टियोद्धा त्याच ७२ पायऱ्या धावत चढवला. हा चित्रपट १९७६ चा. त्याच वर्षी आलेल्या 'बाउंड फॉर ग्लोरी'त ब्राउन यारीवर बसून खाली येतो, यारीवरून उतरतो आणि कॅमेऱ्यासकट मजुरांच्या गर्दीतून चालत जातो, सगळे एकाच सलग दृश्यात. 'स्टेडिकॅम' या नावाने हे यंत्र सिनेमा प्रॉडक्ट्स या कंपनीने बाजारात आणले, १९७७ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि १९७८ मध्ये तांत्रिक ऑस्कर. क्युब्रिकने १९८० च्या 'द शायनिंग'साठी ब्राउनलाच बोलावले. गणिताच्या शिक्षकांना मात्र १९८३ चा 'रिटर्न ऑफ द जेडाय' जास्त आवडेल. त्यात जंगलातून झाडे चुकवत भन्नाट वेगाने जाणारी वाहने आहेत. ब्राउन त्या जंगलातून चक्क पायी चालला, पण कॅमेरा सेकंदाला एकाहूनही कमी चित्रे घेत होता. पडद्यावर ती सेकंदाला २४ या गतीने दाखवली. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला तरी पडद्यावर तो १२० च्या वर जातो. अर्थात चालताना कॅमेरा थोडा जरी डगमगला असता तरी तोही चोवीसपट वेगाने दिसला असता.

हे सगळे ओझे शेवटी एका माणसाच्या अंगावर येते. कॅमेऱ्यासकट वीस-तीस किलो, तेही शरीराच्या एका बाजूला. स्थिरता मिळाली ती वस्तुमानामुळे, त्यामुळे वस्तुमान टाकून देता येईना.

ते टाकता आले जेव्हा सिनेमाला कृत्रिम कान मिळाला तेव्हा. सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेला सूक्ष्म कंपक वळला की कोरिऑलिस परिणामामुळे त्याचे कंपन आडव्या दिशेला झुकते आणि ते विजेने मोजता येते. हे कंपक स्वस्त झाले, त्यांना छोट्या मोटारींची जोड मिळाली आणि २०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीने 'मोव्ही' हे हातात धरायचे यंत्र आणले. कड्यांच्या सांध्यावर तीन मोटारी असतात; कॅमेरा जेवढा वळेल तेवढा त्या उलट फिरवतात. म्हणजे लेखाच्या सुरुवातीला आपल्या डोळ्यांनी केले तेच. आता दीडेक किलोचे यंत्र तीन किलोंचा कॅमेरा सांभाळते. मात्र पायांचा वर-खाली हिसका या मोटारींना कळत नाही, म्हणून गुडघे वाकवून मांजरासारखे चालावे लागते, नाहीतर पुन्हा स्प्रिंगचा हात आणि जाकीट आलेच.

शाळेसाठी किंवा एखाद्या अभ्यासदौऱ्यासाठी असे यंत्र निवडायचे झाले तर जाहिरातीतला वजन पेलण्याचा आकडा पाहताना भिंग, मायक्रोफोन, तारा हे सगळे कॅमेऱ्यासकट तराजूवर ठेवावे. आणि मोटार आहे म्हणून तोल साधायचा आळस करू नये. तोल चुकला की मोटार सतत जोर लावत राहते, गुणगुणते, तापते आणि दिवसभराची बॅटरी दुपारीच संपते.

ओझे हलके झाले तसा प्रवासातला प्रश्नही बदलला. पूर्वी विमानतळावर चिंता असे ती किलोंची. ती आजही आहे. आपल्याकडच्या बहुतेक देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाला ७ किलोंची मर्यादा असते. पण आता जास्त चिंता वॉट-तासांची. लिथियम-आयन बॅटरीतला एक घट आतून तुटला तर तो तापतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो आणि साखळी सुरू होते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू बोइंग ७४७ ला आग लागली. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. विमानाच्या पोटातला हॅलॉन वायू ज्वाळा दडपतो, पण तापलेल्या घटांना थंड करत नाही. म्हणून सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात द्यायच्या नाहीत, प्रवाशाने जवळ ठेवायच्या, असा नियम आहे. केबिनमध्ये धूर दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतू शकतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा आगाऊ परवानगी लागत नाही; १०० ते १६० पर्यंतच्या दोन, त्याही कंपनीच्या संमतीने; त्याहून मोठी प्रवाशाला नेताच येत नाही.

कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांवर '९८ वॉट-तास' हा आकडा इतक्या वेळा का दिसतो, हे आता कळेल. १४.४ व्होल्ट गुणिले ६.८ अँपिअर-तास म्हणजे ९७.९. निसर्गाचा कुठलाही नियम यात नाही, १०० च्या आत बसण्यासाठी केलेली ही मापणी आहे. मुलांना घरातल्या पॉवर बँकेवर हेच गणित करायला सांगावे: २०,००० मिलिअँपिअर-तास, ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-तास. बॅटरीवरचा आकडा पुसला गेला असेल तर विमानतळावर ती ठेवून घेतली जाऊ शकते, म्हणून निघण्यापूर्वी तो वाचता येतो का पाहावे आणि धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे पिशवीतल्या किल्ल्या लागून मंडल पूर्ण होणार नाही.

मुक्कामी पोचल्यावर कॅमेरा यंत्रावर चढवायचा तो मोटारी बंद ठेवून. आधी हाताने पुढे-मागे, मग वर-खाली सरकवत, कुठेही सोडला तरी तिथेच थांबेल असा. मोटारीचे बटण त्यानंतर.