ओंडके नसलेला तराफा

चेरीचा बहर ओसरला की जपानात लोकांची नजर फांदीवरून पाण्याकडे वळते. गळालेल्या पाकळ्या एकमेकींना चिकटून नदीत, खंदकात गुलाबी पट्ट्यांनी तरंगत असतात. त्यांना म्हणतात ‘हानाइकादा’. हाना म्हणजे फूल आणि इकादा म्हणजे तराफा.

कोणतं फूल, हे शब्द सांगत नाही. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या संग्रहात चेरीपेक्षा ‘उमे’च्या, म्हणजे चीनहून आलेल्या जपानी प्लमच्या, कविता कितीतरी जास्त आहेत. पुढे हेइआन काळात पारडं फिरलं आणि कवितेत नुसतं ‘हाना’ म्हटलं तरी चेरीच समजायची, असं ठरून गेलं.

तराफा मात्र कष्टकऱ्यांचा. तांबा प्रांताच्या डोंगरातलं लाकूड बांधून होझू नदीतून क्योतोकडे सोडत. वाटेत लागे आराशियामा, चेरीसाठी नावाजलेलं. शब्द तिथेच जन्मला असा माझा दावा नाही, पण असं दृश्य रोज दिसल्याशिवाय असले शब्द सुचत नाहीत. कोशांत अजूनही जुने अर्थ आहेत: पाकळ्यांनी भरलेला खराखुरा तराफा, किंवा फुलांची फांदी ठेवलेला तराफा. कारागिरांना ही फांदी भावली. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीच्या पश्चात त्याच्या पत्नीने, नेनेने, १६०६ साली क्योतोत कोदाइजी हे मंदिर स्थापलं. तिथल्या स्मृतिमंदिरात पायऱ्यांवर लाखेच्या कामात, सोन्याच्या भुकटीने हानाइकादा रेखलेला आहे. त्यात तराफाही आहे आणि फुलंही.

पुढे ओंडके गळाले आणि पाकळ्याच तराफा झाल्या. याच नावाचं एक झुडूपही आहे. त्याचं इवलंसं हिरवं फूल चक्क पानाच्या मधोमध, शिरेवर बसतं. पान तराफा, फूल नावाडी! मला तर चेरीच्या पाकळ्यांपेक्षा या झुडपालाच हे नाव जास्त चपखल वाटतं.

आजचा दाट हानाइकादा बघायला उत्तरेला हिरोसाकी किल्ल्याच्या खंदकावर जावं. तिथे ‘सोमेइ-योशिनो’ जातीची झाडं भरपूर. ही जात एदो काळाच्या अखेरीस सोमेइ गावच्या रोपवाटिकांतून पसरली. ती कलमांनीच वाढवतात, म्हणून सारी झाडं एकाच झाडाची नक्कल. एकदम फुलतात, एकदम गळतात. खंदकाच्या पाण्याला वाहायची घाई नसते. पाकळ्या साचत जातात आणि पाणी दिसेनासं होतं.