सैल सांधे आणि जागते मज्जातंतू

पैनगंगेच्या एका तीरावर आदिलाबाद जिल्हा, दुसऱ्या तीरावर यवतमाळ. दोन्ही तीरांवर मराठी कानी पडते आणि लवचिक अंगाचे कौतुकही दोन्हीकडे सारखेच. आठवडेबाजारात डोंबाऱ्याची पोर पाठीची कमान करी, तेव्हा गर्दी स्तब्ध होई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेस आणलेल्या मल्लखांबाचे तर लवचिकपणा हेच भांडवल. परंतु काही देहांत हा गुण अभ्यासाने येत नाही, तो उपजतच असतो. आणि अशांपैकी काहींच्या वाट्यास पुढे सर्वांगाची वेदना, थकवा नि भोवळ येते. त्यांची व्यथा वैद्यकाला कशी उमगत गेली, हे आज पाहावयाचे आहे.

ही ओळख फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील हिपोक्रेटिसच्या नावावरील एका ग्रंथात सिथियन लोकांच्या ढिल्या सांध्यांचे वर्णन आहे. धनुष्य ओढता यावे म्हणून ते खांद्यांना नि मनगटांना डागण्या देत! पुढे 1657 साली लायडन येथे व्हान मेकेरेन या शल्यवैद्याने कातडी वाटेल तशी ताणणारा एक स्पॅनिश तरुण दाखविला. पण तो नवलाचा विषय ठरला, रुग्ण नव्हे. 1892 साली मॉस्कोच्या चेर्नोगुबोव्हने सैल त्वचा नि सैल सांधे यांचे मूळ एकाच संयोजी ऊतीत असल्याचे मांडले. नाव मात्र 1901 साली लिहिणारे डेन्मार्कचे एलर्स आणि 1908 साली लिहिणारे फ्रान्सचे डॅनलॉस यांचे राहिले.

1967 साली कर्क, अ‍ॅन्सेल आणि बायवॉटर्स या इंग्लंडमधील वैद्यांनी सांध्यांच्या अतिलवचिकतेबरोबर येणाऱ्या दुखण्यांना स्वतंत्र विकारसमूहाचे नाव दिले. 1973 साली बेटन व त्यांच्या सहकाऱ्यांची नऊ गुणांची कसोटी आली. दोन करंगळ्या, दोन अंगठे, दोन कोपरे, दोन गुडघे आणि पाय ताठ ठेवून तळहात जमिनीस टेकणे, एवढीच ती परीक्षा. तिला यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही ती होऊ शकते.

तरीही एक कोडे उरलेच. सांधा गुडघ्याचा सैल; मग दुखणे सर्वांगात का? छातीत धडधड का? याचे उत्तर सांध्यांच्या पलीकडे, मज्जासंस्थेत शोधावे लागले. 1983 साली क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगाने दाखविले की, वेदनेचा मारा झाल्यावर मज्जारज्जू स्वतःच अधिक संवेदनशील होतो. मग लहानसा स्पर्शही मोठा वाटू लागतो. सैल सांध्याला वारंवार लचक बसते, त्याची स्थिती मेंदूस कळविणारी जाणही अनेकदा मंद असते. त्यामुळे पहारेकरी मज्जातंतू जणू निजतच नाहीत, असे पुष्कळ तज्ज्ञ मानतात. 2003 साली इस्रायलमधील संशोधकांनी अशा रुग्णांत नाडी व रक्तदाब सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेचे बिघाड नोंदविले. उभे राहताच येणाऱ्या भोवळीचा धागा तेथे सापडतो.

म्हणून प्रत्येक लवचिक मूल रोगी समजावे काय? मुळीच नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत निम्म्याहून अधिक निरोगी मुलांचे सांधे सैल आढळले. 2017 सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानेही निव्वळ लवचिकता आणि विकार यांत भेद केला. या विकाराच्या सर्वांत सामान्य प्रकाराचे निदान करणारी रक्ततपासणी अद्याप नाही. रुग्णाची हकीकत हाच मुख्य पुरावा.

आणि ती हकीकतच आजवर दुर्लक्षिली गेली. कापूस वेचून आलेली बाई सारे अंग ठणकते म्हणाली, तर ते श्रमाचे समजावे; तपासण्या निर्दोष निघाल्या, तर मनाचे समजावे, ही सोयीची रीत आहे. कित्येकदा श्रमच कारण असतील. परंतु लहानपणी अंग फार वळत होते का, सांधे निखळत होते का, हे दोन प्रश्न विचारावयास काय वेळ लागतो? स्नायूंना हळूहळू बळ देणारा व्यायाम, बेताची विश्रांती आणि सांधे मोडून दाखविण्याचे खेळ बंद करणे, यांनी पुष्कळांस आराम पडतो. मात्र त्याआधी कोणीतरी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागतो.