कोर्लईचा पहारा

मागे कोर्लईच्या किल्ल्यावर गेलो होतो. कुंडलिका खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेला डोंगर, वर लांबट तटबंदी, आत पडक्या चर्चच्या भिंती. तिथेच बराच वेळ बसलो. त्या दिवसांत रोजची प्रार्थना ओठांवर यायची, पण मनात उतरत नव्हती.

1740 मध्ये पोर्तुगीजांनी चौल-कोर्लई मराठ्यांना दिलं. सैन्य गेलं. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती मात्र राहिले. पोर्तुगीजमधून घडलेली त्यांची बोली, ‘नो लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’, आजही घरांत बोलली जाते. देवळातली मिस्सा मात्र लॅटिनमध्ये असायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) ती मराठीत आली. मग इतकी वर्षं धीर कुठून मिळाला? मला वाटतं, घरातल्या रोजच्या प्रार्थनेतून.

तिथे 127 वं स्तोत्र आठवलं. पहारेकऱ्याच्या जागण्यावर भिस्त ठेवू नका, असं सांगणारं. लहानपणापासून पाठ होतं, पण अर्थ त्या ओसाड तटापाशी कळला. तट पडला, प्रार्थना उरली.

आता रोज सकाळी एकच वचन वाचतो. मन लागो, न लागो. तुम्हाला कुठलं वचन सांभाळतं? जरूर कळवा.