मेन कून आणि चौरस फुटांचा हिशेब

मेन कून जातीचं मांजर घरी आणावं का, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं. मांजर मोठं, तेव्हा घर मोठं हवं. केस लांब, तेव्हा एसी हवा. एवढं असलं की काळजी नाही, कारण स्वभावाने ते इतकं गरीब की नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांशी जमवून घेतं. पिल्लं विकणारे हेच सांगतात, हौसेने पाळणारेही हेच सांगतात, आणि ज्यांनी मोह आवरला त्यांनीही तो याच हिशेबाने आवरलेला असतो: आमचं घर लहान, आमच्याकडे उकाडा फार. माझं म्हणणं असं की हा हिशेब भलत्याच गोष्टी मोजतो. मोजायचा तो घरातल्या माणसांचा रोजचा वेळ, आणि तपासायचं ते पिल्लाचं मूळ.

पूर्वपक्षाची बाजू आधी नीट मांडू. मेन कून खरोखर मोठं असतं. बोका साधारण सहा ते आठ किलोचा, मांजरी चार ते साडेपाच किलोची, आणि वाढ तीन-चार वर्षांपर्यंत चालूच. स्ट्यूई नावाचा या जातीचा बोका 2010 मध्ये नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत 123 सेंटिमीटर भरला आणि जगातलं सर्वांत लांब पाळीव मांजर म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असे आकडे वाचले की जागेची धास्ती वाटणं स्वाभाविक आहे.

पण मांजर जमिनीवर पसरून राहणारं जनावर नव्हे. ते उंची वापरतं. कपाटाचा माथा, खिडकीचा कट्टा, भिंतीला पक्की ठोकलेली फळी मिळाली तर साडेचारशे फुटांच्या घरात आठ किलोचा बोका सुखाने राहतो. आकाराचा खरा प्रश्न येतो तो दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा घराच्या क्षेत्रफळाशी संबंध नाही. एक म्हणजे लिटर बॉक्स. तो मांजराच्या अंगाच्या निदान दीडपट लांब असावा असं पशुवैद्य सांगतात. दुकानात सहज मिळणारे ट्रे एवढे लांब नसतात. मांजराला त्यात नीट वळता येत नाही, ते काठाबाहेर बसतं, आणि ‘घाण करतं’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. रुंद, कमी उंचीचा प्लास्टिकचा खोका आणला की बहुतेक वेळा ही तक्रार मिटते.

दुसरं ठिकाण म्हणजे खिडकी. उंचावरून पडलं तरी मांजराला काही होत नाही, हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि त्याला एका अभ्यासाचा आधारही दिला जातो. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांच्या नोंदी 1987 मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि त्यांतली दहातली नऊ वाचली होती. आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा. मोजली गेली ती दवाखान्यात आणलेली मांजरं. जी जागीच मेली, त्यांना कोणी कशाला दवाखान्यात नेईल? शिवाय वाचलेल्यांतही छातीला मार बसलेली, दात आणि पाय मोडलेली पुष्कळ होती. मच्छरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी आठ किलोचा देह पेलत नाही. सरकत्या खिडकीची फट मांजर पंजाने रुंद करतं. म्हणून उघड्या गॅलरीचा प्रशस्त फ्लॅट या मांजराला अयोग्य, आणि खिडक्यांना तारेची जाळी ठोकलेल्या दोन खोल्या योग्य.

आता हवा. मेन कून अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मेन राज्यातलं, तिथल्या बर्फात तगून राहिलेलं मांजर. रकून आणि मांजर यांच्या संकरातून ते झालं ही कथा जीवशास्त्राच्या दृष्टीने अशक्य आहे, आणि फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या मांजरांपासून झालं ही नुसती दंतकथा. पण 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात कोझी नावाची या जातीची मांजर पहिली आली, तोवर मेनमधल्या शेतकऱ्यांच्या कोठारांत ही मांजरं उंदीर मारत होतीच. थंडीतलं जनावर आपल्या उन्हाळ्यात आणणं क्रूरपणा आहे, असा आक्षेप यावरूनच घेतला जातो.

या आक्षेपामागे कळकळ आहे, म्हणून त्याला पूर्ण उत्तर द्यायला हवं. जगातल्या सगळ्या घरगुती मांजरांचा पूर्वज पश्चिम आशियातलं रानमांजर आहे, हे 2007 साली जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. त्या कोरड्या मुलखाचा वारसा मेनच्या बर्फाने पुसलेला नाही. केस लांब झाले ते एका जनुकातल्या बदलामुळे. केसाला ‘आता वाढ थांबव’ असा निरोप देणारं हे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही निकामी आलं की केस जास्त काळ वाढत राहतो. आतली मऊ लव ऋतुमानाप्रमाणे गळते. सुटे, मोकळे केस ऊन अडवतात आणि त्यांतून वाराही खेळतो.

खरी अडचण दमट हवेची आहे. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग ते चाटून ओलं करतं आणि ती ओल उडाली की गारवा मिळतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात मे महिन्यात ओल लवकर उडत नाही, आणि ज्याला घामच नाही त्याला पंख्याचा उपयोग थोडाच. तेव्हा तिथे भर दुपारी निदान एक खोली गार ठेवावी लागते, आणि मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर थेट दवाखाना गाठावा लागतो. इतपत पूर्वपक्ष मला मान्य आहे. पण त्यापुढे जाऊन उन्हाळा आला की अंगावरचे केस मशीनने सरसकट उतरवायचे, ही जी प्रथा पडली आहे तिला माझा ठाम विरोध आहे. त्याने उन्हापासूनचं संरक्षण जातं, कातडी भाजू शकते. गारवा हवा असेल तर केस विंचरलेले हवेत.

माझ्या मते सगळा निर्णय येथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. गळालेली लव बाहेर पडली नाही की वरच्या केसांत अडकते. तिचा आधी गुंता होतो, मग जटा, मग कातडीला चिकटलेला घट्ट नमदा. काखेत, कानांमागे, पोटाखाली, मागच्या मांड्यांवर तो सर्वांत आधी धरतो, म्हणजे नेमका जिथे वरवर हात फिरवून कळत नाही तिथे. मांजर पाऊल टाकतं तेव्हा काखेतली जट कातडी ओढते. मग ते उडी मारेनासं होतं, उचललं की चावतं, आणि आपण म्हणतो स्वभाव बिघडला. नमद्याखाली हवा जात नाही, कातडी ओली राहते, जखमा होतात. शेवटी गुंगीचं औषध देऊन केस भादरावे लागतात. हे टाळण्यासाठी लागतो तो स्टीलचा, विरळ आणि दाट दातांचा कंगवा, आणि एका माणसाची रोजची पाच-दहा मिनिटं. आठवड्यातून दोन-तीनदाही भागतं, पण खाडे न करता. ही सवय पिल्लू असतानाच लागते. मोठेपणी जट सोडवताना दुखलं की मांजर कंगव्याला वैरी मानतं. मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं, आणि म्हातारपणी सांधे आखडले की ते स्वतःचं अंग चाटू शकत नाही. तेव्हा हे काम वाढतं.

जाता जाता आणखी एक गैरसमज. लांब केसांमुळे घरातल्यांची ॲलर्जी वाढते असं नाही. ती होते मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाने, आणि ते आखूड केसांच्या मांजरातही असतं.

राहिला स्वभाव. ‘गरीब स्वभावाचा महाकाय’ ही ख्याती खोटी नाही, पण ती हमी नव्हे. हेलसिंकी विद्यापीठाने 2019 मध्ये हजारो मांजरांच्या वागणुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जातीजातींत फरक आढळला. पण मेन कूनसह तीन जातींत, एकाच जातीच्या मांजरांमधल्या वागण्यातल्या फरकाचा साधारण निम्मा भागच आनुवंशिक निघाला. उरलेला घडतो तो बाहेरून. त्याच विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात आईपासून लवकर तोडलेली पिल्लं पुढे जास्त आक्रमक निघाली, आणि निदान चौदा आठवडे त्यांना आईजवळ ठेवावं अशी शिफारस संशोधकांनी केली. आपल्याकडे सहा-सात आठवड्यांचं पिल्लू ‘हाताला लवकर लागतं’ म्हणून देतात. म्हणजे ज्या स्वभावासाठी मेन कून घ्यायचं, त्यालाच पहिल्या दिवशी धक्का.

याहून गंभीर गोष्ट हृदयाची. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, आणि त्यामागचा जनुकीय दोष 2005 साली सापडला. परदेशात तपासलेल्या मेन कूनपैकी जवळपास एकतृतीयांश मांजरांत तो निघाला. दोष आई-बाप दोघांकडून आला तर धोका फार वाढतो. अशा मांजराचं हृदय बंद पडेपर्यंत कधीकधी बाहेरून काहीच दिसत नाही. ते फक्त कमी खेळतं, जास्त पडून राहतं, आणि आपण त्याला शांत स्वभाव म्हणतो. गरीबपणाच्या ख्यातीला मी घातक म्हणतो ते यासाठी. गालातून घेतलेल्या नमुन्यावर जनुकाची चाचणी होते, आणि हृदयाची सोनोग्राफी पिल्लाच्या आई-बापाची झालेली असावी. केंद्र सरकारने 2017 मध्ये प्रजोत्पादनाचे नियम केले ते कुत्र्यांसाठी, म्हणून मांजरांच्या बाबतीत या तपासण्यांचे कागद मागण्याचं काम विकत घेणाऱ्यावरच येतं. वंशावळीचा चकचकीत दाखला दाखवून चाचणीचा विषय टाळणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

यावर एक प्रामाणिक प्रश्न उरतो: एवढं सगळं न करता कितीतरी घरांत ही मांजरं छान जगतात, त्याचं काय? जगतात, कारण त्या घरांत कोणीतरी, बहुधा घरातली एकच व्यक्ती, हे सगळं न बोलता करत असते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत संध्याकाळी मांजर मांडीवर घेऊन विंचरणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला हे मांजर शोभतं. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला निघून रात्री नऊला येत असतील, आणि कंगवा कामाला येणाऱ्या मावशींच्या हाती द्यायचा असेल, तर तीन बेडरूम आणि चार एसी असूनही त्या घराने आखूड केसांचं मांजर बघावं. आणि ते एकटं पडू नये म्हणून शक्य असेल तर एकाच आईची दोन पिल्लं एकत्र आणावीत.